भरपाईला ‘फिट’, जहाजाला ‘अनफिट’!

पनवेल न्यायालयातले काम आटोपून आम्ही बाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. तिशीतला एक तरुण आईला सोबत घेऊन समोर आला. ‘जयभीम साहेब’ म्हणाला आणि उभाच राहिला. बाक रिकामा होता, बसा म्हटले. तो म्हणाला, ‘बसलो की उठताना जीव जातो. उभाच बरा.’ त्याच्या आईच्या हातात कापडदुकानाची पिशवी होती. पिशवीत लुगडे नव्हते, मुलाची जहाजाची सगळी कागदपत्रे होती.

हा तरुण भारतीय झेंड्याच्या एका जहाजावर इंजिनरूममध्ये मोटरमन होता. २०२४ साली जहाज हलत असताना पंपाचा जड सुटा भाग खांद्यावर घेऊन तो लोखंडी शिडी उतरत होता. पायरीवर तेल सांडलेले होते. पाय घसरला, माणूस खाली आणि लोखंड त्याच्या अंगावर. पुढच्या बंदरात त्याला उतरवले आणि घरी पाठवले. कंपनीने नेमलेल्या डॉक्टरकडे काही महिने उपचार झाले. मग त्या डॉक्टरने कागद दिला की उपचार पूर्ण झाले, कायमचे अपंगत्व नाही, इसम कामास योग्य आहे. या कागदाच्या आधारे कंपनीच्या कार्यालयाने दीड लाखाचा धनादेश आणि एक छापील पावती पुढे केली. पावतीवर लिहिले होते, ‘सर्व दावे पूर्ण व अंतिम मिटले.’

त्याने सही केली नाही. ‘मी कामास योग्य आहे ना, मग मला काम द्या’ असे तो म्हणाला. कंपनीने पुन्हा वैद्यकीय तपासणीला पाठवले. तिथे दुसऱ्या डॉक्टरने दुसरा कागद दिला: मणक्याच्या दोषामुळे समुद्रसेवेस अयोग्य.

दोन्ही कागद आमच्यासमोर ठेवून त्याने विचारले, ‘साहेब, मी फिट आहे की अनफिट, तेवढे एकदा सांगा.’

वाचकहो, हा प्रश्न एका मुलाचा नाही. भरपाई द्यायची वेळ आली की खलाशी ठणठणीत असतो आणि नोकरी द्यायची वेळ आली की तोच खलाशी मोडका ठरतो. एकाच पाठीच्या कण्याबद्दल दोन निदाने होतात आणि दोन्ही निदाने मालकाच्या फायद्याची असतात. जगभर खलाशांच्या अपंगत्वाच्या भरपाईचे जे तंटे चालतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी हीच लबाडी आहे. म्हणून आजचा लेख या विषयावर.

आपली मुले समुद्रावर का जातात?

पनवेल हे एकेकाळी बंदर होते. खाडीतून गलबते येत आणि तांदूळ-मीठ भरून जात. आजही बंदर रोड नावाने ती आठवण उरली आहे. जवळच्या न्हाव्याला ‘रहमान’ या नावाची जहाजी प्रशिक्षणसंस्था गेल्या शतकाच्या आरंभापासून आहे. १९८९ साली न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. त्या बंदरासाठी आणि नवी मुंबईसाठी इथल्या गावांच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्यावर भूमिपुत्रांनी रक्त सांडले, तेव्हा कुठे मोबदल्याची भाषा सरकारला समजली. ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना निदान काही मिळाले. ज्यांच्या नावावर गुंठाही नव्हता, जे दुसऱ्याच्या शेतावर आणि मिठागरावर राबत होते, त्यांना काय मिळाले? त्यात आपली वस्ती होती.

त्या वस्तीतली मुले दहावी-बारावी झाली आणि समोर क्रेनच्या रांगा बघू लागली. कर्ज काढून, आईचे डोरले मोडून त्यांनी सहा महिन्यांचा कोर्स केला. मग एजंटाच्या पायऱ्या झिजवल्या. कुणी फसले, कुणी जहाजावर चढले. जो चढला त्याच्या घरावर स्लॅब पडला, बहिणीचे लग्न झाले, धाकट्याची फी भरली गेली. घराचा सगळा भार एका माणसाच्या धडधाकट शरीरावर उभा राहिला. ते शरीर मोडले की काय होते, हे त्या आईच्या पिशवीत आम्ही पाहिले.

जहाजावर आपला माणूस नवा नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर हिंदी खलाशांचे ताफे असत. कोकणातला सारंग, त्याच्या हाताखालचा तांडेल आणि खलाशी डेकवर, गोव्याचा माणूस सलूनमध्ये. आणि सर्वांत खाली टोपास. टोपास म्हणजे झाडू मारणारा, संडास-न्हाणीघरे धुणारा. ते काम कोणत्या जातींच्या वाट्याला येत होते हे आपल्या वाचकांना सांगायला हवे काय? जात समुद्र ओलांडत नाही असे सांगणाऱ्या धर्ममार्तंडांनी बोटीवरही चातुर्वर्ण्याची उतरंड रचू दिली होती. आज आपली मुले मोटरमन, फिटर, थर्ड इंजिनियर, क्वचित कॅप्टनही होतात. ही बाबासाहेबांच्या पुण्याई आहे असे आम्ही म्हणणार नाही, कारण पुण्याई हा शब्द आपला नव्हे. ही त्यांच्या लढ्याची कमाई आहे. पण नोकरी मिळवणे हा अर्धा लढा झाला. नोकरीत हात-पाय गेला तर त्याचे मोल वसूल करणे हा उरलेला अर्धा.

एका टक्क्याची किंमत

आता कायद्याकडे वळू. भारतीय झेंड्याच्या जहाजावरच्या खलाशाला १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा लागू होता. २००९ च्या दुरुस्तीनंतर त्याचे नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा जुना कायदा तिच्यात विलीन झाला. तरी त्या तारखेआधी झालेल्या अपघाताने जो हक्क निर्माण झाला, तो कायदा बदलला म्हणून मरत नाही. आमच्या या मोटरमनचा अपघात २०२४ चा, म्हणून त्याचा हिशेब जुन्या कायद्याने.

हिशेब साधा आहे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी जानेवारी २०२० पासून ते जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले गेले. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा २०७.९८. म्हणजे ९,००० गुणिले २०७.९८ बरोबर १८,७१,८२० रुपये. पण अपंगत्व अंशतः आहे आणि कमाईची ताकद फक्त २० टक्के गेली असे ठरले, तर तीच रक्कम ३,७४,३६४ वर येते. आणि अपंगत्वच नाही असे ठरले, तर फक्त उपचाराचा खर्च आणि तात्पुरत्या काळाचे पैसे.

पाहिलेत? अठरा लाख आणि दीड लाख यांच्यामध्ये फक्त एका डॉक्टरची सही उभी आहे. एकेका टक्क्याची किंमत इथे अठरा हजारांच्या वर आहे. ती सही ज्याच्या पगारी डॉक्टरची, पारडे त्याच्या बाजूला झुकणारच. हात तुटला, डोळा गेला तर कायद्याच्या परिशिष्टात टक्केवारी छापलेली होती. पाठ, मणका, हृदय, मन यांची टक्केवारी छापलेली नव्हती. ती डॉक्टरने ठरवायची. जहाजावरच्या दुखापती मात्र बहुधा पाठीच्या, गुडघ्याच्या, खांद्याच्या असतात. भांडण नेमके तिथेच पेटते.

या भांडणात कामगाराच्या हाती एक भक्कम निकाल आहे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. परिशिष्टाप्रमाणे ते अंशतः अपंगत्व होते. मालक म्हणाला, एक हात शिल्लक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी १९७५ साली सांगितले की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व. अपघाताच्या वेळी माणूस जे काम करू शकत होता, ते आता करता येते काय, हा प्रश्न आहे. शिवाय भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते, निकालाच्या दिवसापासून नव्हे, हेही त्याच निकालाने ठरवले. पुढे २०१० मध्ये मोटार अपघाताच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे अपंगत्व यांतला फरक विस्ताराने समजावून सांगितला.

हा न्याय खलाशाला लावून पाहा. ज्याला समुद्रसेवेस अयोग्य ठरवले, त्याची खलाशी म्हणून कमाई किती उरली? शून्य. मग त्याचे अपंगत्व २० टक्के कसे? ‘तो किनाऱ्यावर वॉचमन होऊ शकतो’ असे कंपनीचे वकील म्हणतात. आमचा त्यांना प्रश्न आहे की तुमच्या कंपनीने त्याला वॉचमन तरी ठेवले काय?

दुखापत की आजार?

मोडलेला मणका निदान दिसतो. आजारी हृदयाचे काय? इथे आपल्या देशातली दुसरी मोठी खोट दिसते.

गयेचा एक खलाशी १९८८ पासून भारतीय नौवहन महामंडळाच्या, म्हणजे सरकारी कंपनीच्या सेवेत होता. वीस वर्षांहून जास्त काळ समुद्रावर काढल्यानंतर तो आजारी पडला. हृदयाचे स्नायू निकामी झाल्याने २०११ मध्ये त्याला समुद्रसेवेस कायमचा अयोग्य ठरवले आणि खलाशी म्हणून त्याची नोंदणी रद्द झाली. त्याने अपंगत्वाची भरपाई मागितली. महामंडळाचे उत्तर असे की ही दुखापत नव्हे, शरीरातला आजार आहे. अपंगत्वाची भरपाई दुखापतीला मिळते, आजाराला मिळत नाही. सेवासमाप्तीचे २,७५,००० रुपये घ्या. त्याने ते नाकारले आणि पाटणा उच्च न्यायालयात गेला. तिथे सांगण्यात आले की कंपनी मुंबईची, तेव्हा मुंबईला जा. हृदय निकामी झालेल्या माणसाने बिहारातून मुंबईला खेटे घालायचे! शेवटी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्याच्या गावी पत्रव्यवहार झाला, नकाराचे पत्र तिथे पोचले, म्हणून दाव्याचे कारण अंशतः बिहारात घडले आणि पाटण्याला हे प्रकरण ऐकण्याचा अधिकार आहे.

म्हणजे तीन वर्षांनी काय मिळाले? भरपाई नव्हे. भरपाई कुठे मागायची त्याचा पत्ता मिळाला.

त्याही आधीचे एक प्रकरण वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. १९६१ च्या डिसेंबरात ‘द्वारका’ नावाच्या बोटीवरच्या एका डेक-खलाशाने छातीत दुखते म्हणून सांगितले. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि कामास योग्य ठरवले. पुन्हा झोप येत नाही, दुखते, म्हणून तो गेला. पुन्हा गोळ्या. १६ डिसेंबरच्या पहाटे तो बोटीवर दिसेनासा झाला. बोट इराण-इराकच्या नदीत होती. प्रेत सापडले नाही. बापाने ४,८१० रुपयांची भरपाई मागितली. भरपाई आयुक्ताने नाकारली, मुंबई उच्च न्यायालयाने दिली आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा काढून घेतली. मृत्यू कामातून उद्भवलेल्या अपघाताने झाला असे दाखवणारा पुरावा नाही, हे कारण. ‘कामातून उद्भवलेला’ या दोन शब्दांचा अर्थ आजही त्या निकालातून शिकवला जातो. कायद्याच्या दृष्टीने निकाल तर्कशुद्ध असेलही. पण भर समुद्रात किंवा नदीत पहाटे तीन वाजता काय घडले, याचा पुरावा गावातल्या बापाने कुठून आणायचा? लॉगबुक कंपनीचे, डॉक्टर कंपनीचा, साक्षीदार कंपनीचे नोकर.

कारखान्यातला कामगार संध्याकाळी घरी जातो. खलाशी सहा-आठ महिने कामाच्याच जागी जेवतो, झोपतो, आजारी पडतो. इंजिनरूमची उष्णता, धूर, अपुरी झोप आणि घरची काळजी ही चोवीस तास त्याच्या अंगावर असते. तेव्हा करारात असताना जडलेला आजार कामामुळे नाही, हे सिद्ध करण्याचा बोजा मालकावर टाकला पाहिजे. ही आमची मागणी काही आकाशातून पडलेली नाही. फिलिपिन्स या आपल्यासारख्याच गरीब देशाच्या सरकारी प्रमाणित करारात करारकाळातला आजार कामाशी संबंधित असल्याचे प्रथमदर्शनी गृहीत धरण्याची तरतूद आहे. अपंगत्वाच्या चौदा श्रेणी आहेत आणि पहिल्या श्रेणीला ६०,००० डॉलर ठरलेले आहेत. कंपनीच्या डॉक्टरने १२० दिवसांत, फार तर २४० दिवसांत, अंतिम मत दिले पाहिजे. खलाशाचा डॉक्टर वेगळे मत देत असेल, तर दोघांच्या संमतीने तिसरा डॉक्टर नेमायचा आणि त्याचे मत दोघांवर बंधनकारक.

तिथे सारे आलबेल आहे असा याचा अर्थ नाही. तिथेही हजारो तंटे आहेत. खलाशाने खालच्या पातळीवर जिंकलेले पैसे वसूल करायचे तर त्यानेच हमी भरावी, अशी अट २०२४ च्या नव्या कायद्यात आल्याने तिथल्या संघटना संतापल्या. टक्केवारीवर दावे विकत घेणारे वकील तिथे आहेत तसे इथेही आहेत. आमच्याच व्यवसायातली ही कीड आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मोडलेल्या माणसाच्या भरपाईतला तिसरा हिस्सा मागणारा वकील आणि दीड लाखात त्याला गुंडाळणारी कंपनी यांत आम्हाला फार अंतर दिसत नाही.

झेंडा कुणाचा, हक्क कुणाचा?

आपल्या पुष्कळ मुलांची जहाजे भारतीय झेंड्याची नसतात. मालक ग्रीसचा, झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा, एजंट बेलापूरचा आणि खलाशी पनवेलचा. १९२३ च्या कायद्याच्या व्याख्येत खलाशाचे जहाज भारतात नोंदलेले असावे असे लिहिले होते. त्यामुळे परदेशी झेंड्याखालच्या मुलाने तो आधार घेतला की कंपनी पहिली हरकत तिथेच घेते. त्याचा मुख्य आधार म्हणजे त्याचा करार आणि त्याला जोडलेला संघटनेचा सामूहिक करार. म्हणून जहाजावर चढण्याआधी कराराची प्रत हातात असलीच पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी अनेकांनी सही केलेला करार एकदाही वाचलेला नसतो.

दुसरा आधार म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००६ चा सागरी कामगार करार. भारताने तो ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार कामावर असताना आजारी पडलेल्या किंवा जखमी झालेल्या खलाशाच्या उपचाराची जबाबदारी जहाजमालकावर आहे, आणि देशाचा कायदा वेतनाची मर्यादा घालत असला तरी ती सोळा आठवड्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. २०१४ च्या दुरुस्त्या जानेवारी २०१७ पासून अमलात आल्या. त्यांनी आणखी पुढे जाऊन सांगितले की मृत्यू आणि दीर्घकालीन अपंगत्व यांच्या करारातील भरपाईसाठी मालकाने आर्थिक हमी, म्हणजे विमा, घेतलाच पाहिजे. त्याचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असे लावले पाहिजे. भरपाई पूर्ण आणि विनाविलंब दिली पाहिजे. कमी रक्कम घेण्यासाठी दबाव आणता येणार नाही. अपंगत्व किती हे ठरायला वेळ लागणार असेल, तर तोवर हंगामी रक्कम द्यायची.

या तरतुदी वाचताना आम्हाला बाबासाहेबांची आठवण येते. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली त्यांच्या खात्याने युद्धजखमी कामगारांच्या भरपाईच्या विम्याचा कायदा केला. मालकाने भरपाई द्यायची, आणि ती देता यावी म्हणून विमाही उतरवायचा, हे त्यातले तत्त्व. मालकाच्या दयेवर आणि त्याच्या खिशातल्या शिलकेवर कामगाराचा तुटलेला हात सोडायचा नाही, हे शहाणपण जगाच्या जहाजधंद्याला सक्तीने शिकवायला २०१७ उजाडावे लागले. पुढे आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात आजार आणि अपंगत्व यांच्या वेळी सरकारी साहाय्याचे तत्त्व आले. घटना किनाऱ्यावर संपत नाही.

तिसरा आधार २०१७ च्या नौअधिकारिता कायद्याचा. तो १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. जहाजाच्या वापराशी संबंधित मृत्यू आणि शारीरिक इजा यांच्या दाव्यासाठी प्रत्यक्ष जहाज अटकवण्याचा आदेश उच्च न्यायालयाकडून मागता येतो. मालक अथेन्समध्ये असो की दुबईत, त्याचे जहाज न्हावा-शेव्याला लागले की मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश त्याला तिथे बांधून ठेवू शकतो. थकलेल्या पगाराचा हक्क पहिला आणि त्याच्या खालोखाल शारीरिक इजेचा. परंतु इजेचा हा विशेष हक्क सर्वसाधारणपणे एका वर्षात संपतो. म्हणून ‘कंपनी बोलावील’ म्हणून वाट बघत बसणारा खलाशी आपले हत्यार स्वतःच गंजवतो.

काय करावे?

आता आपल्या खलाशी बांधवांना आणि त्यांच्या घरच्यांना काही रोखठोक गोष्टी सांगतो. हा कागद कापून ठेवला तरी चालेल.

दुखापत किंवा आजार झाला की तो जहाजाच्या लॉगमध्ये नोंदवायला लावा. ‘किरकोळ आहे, जाऊ दे’ म्हणू नका. उतरण्याआधी कॅप्टनचा अपघात-अहवाल, औषधोपचाराची नोंद आणि विम्याचे प्रमाणपत्र यांचे मोबाइलवर फोटो घ्या. शेजारी कोण होता त्याचे नाव आणि फोन लिहून ठेवा. घरी आल्यावर कंपनीच्या डॉक्टरकडे जा, उपचार टाळू नका. टाळले तर तेच कारण पुढे करतात. पण त्याच काळात सरकारी रुग्णालयातल्या किंवा स्वतंत्र तज्ज्ञाचे लेखी मत घ्या, आणि त्यात ‘खलाशी म्हणून काम करता येईल काय’ याचे स्पष्ट उत्तर लिहून मागा. भरती होताना जुना आजार लपवू नका. ‘आजार लपवला’ हा कंपन्यांचा आवडता बचाव आहे.

पावतीवर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. आणि सही केलीच असेल तर सगळे संपले असे समजून घरी बसू नका. भरपाईचा कायदेशीर हक्क सोडून देणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल असतो, हे १९२३ च्या कायद्यात स्पष्ट लिहिले होते आणि नव्या संहितेतही ते तत्त्व कायम आहे. दाव्याची मुदत साधारणपणे अपघातापासून दोन वर्षे. खलाशाला आपण राहतो त्या भागात अर्ज करण्याची सोय १९९५ च्या दुरुस्तीने झाली, तेव्हा कंपनीच्या शहरात खेटे घालायची गरज नाही. पैसे देय झाल्यापासून महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि कारण नसताना टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. एजंट परवानाधारक असेल तर नौवहन महासंचालनालयाकडे त्याची तक्रार करा.

आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून कुणी मागे राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. पनवेलला तालुका विधी सेवा समिती आहे. तिथे जायला लाज कसली?

सरकारकडेही आमच्या मागण्या आहेत. १९५८ च्या जहाजकायद्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा मर्चंट शिपिंग कायदा मंजूर केला. त्याच्या नियमांत तिसऱ्या, तटस्थ डॉक्टरची तरतूद करा आणि त्याचे मत बंधनकारक करा. समुद्रसेवेस कायमचा अयोग्य ठरलेला खलाशी भरपाईच्या हिशेबात पूर्ण अपंग मानला जावा. करारकाळातल्या आजाराला दुखापतीचाच दर्जा द्या. आणि ज्याने दावा लावला त्याचे नाव एजंटांच्या काळ्या यादीत जाणार नाही, याची हमी द्या.

ही शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची का, ते त्या दिवशी टपरीवरच कळले. सगळे ऐकून झाल्यावर तो मोटरमन गप्प राहिला. बोलली त्याची आई. म्हणाली, ‘साहेब, याचा धाकटा भाऊ त्याच एजंटाकडून जहाजावर जायचाय. नंबर लागलाय त्याचा. केस केली तर त्याला घेतील काय?’

आमच्याकडे या प्रश्नाला कलम नव्हते. खोटा धीर देणे आम्हाला जमले नाही. एका मुलाची पाठ मोडली त्याचा दाम मागायचा, तर दुसऱ्या मुलाची भाकर धोक्यात. कंपनी दीड लाखाची पावती पुढे करते ती याच भीतीच्या भरवशावर. कायद्याने मालक आणि कामगार समोरासमोर उभे केले आहेत, पण मालकामागे विमा कंपनी आहे, वकिलांची फळी आहे, डॉक्टर आहे. कामगारामागे कोण? एकटी आई आणि पिशवी.

इथे चळवळीने उत्तर दिले पाहिजे. पनवेल-उरणच्या प्रत्येक विहारात जयंतीची वर्गणी जमते, बँड लागतो, कमान उभी राहते. त्याच विहारात महिन्यातून एक रविवार खलाशांचे कागद तपासायला बसता येणार नाही काय? वस्तीतल्या पन्नास खलाशांची एक यादी, एक संपर्क, एक वकील आणि एक प्रामाणिक डॉक्टर एवढे उभे राहिले, तर दावा एकट्याचा राहत नाही. एकाचे नाव काळ्या यादीत घालणे सोपे असते. पन्नास घरांचे नाव घालून एजंटाचा धंदा चालत नाही. आग्री-कोळी, मुसलमान आणि आपली मुले एकाच इंजिनरूममध्ये घाम गाळतात, तेव्हा या कामात त्यांनाही सोबत घ्यावे. आमचे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बसायचे ठरले आहे, मोबदला न घेता. इतर वकील बांधवांनीही आपापला रविवार द्यावा.

त्या दिवशी निर्णय आईनेच घेतला. धाकट्याशी फोनवर बोलली, फार वेळ बोलली. मग पिशवी आमच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘धाकटा म्हणतो, दादाची केस लाव. माझं मी बघून घेईन.’ दोन वर्षांची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. वकीलपत्रावर थोरल्याने उभ्यानेच सही केली. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने त्याबद्दल अधिक लिहिता येत नाही.